वाचकांचे प्रश्न : जुनी दुचाकी आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे आपल्या देशातील पहिले प्रयोग २००१ साली झाले आणि त्यांत मिरज व मनमाड ही महाराष्ट्रातील दोन ठिकाणे होती. तेव्हा ५ टक्के असलेले हे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. हेच ते ‘ई-२०’. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

माझी १०० सीसीची, कार्ब्युरेटर असलेली मोटारसायकल २००९ सालची आहे. लिटरला ६० किलोमीटर चालणारी गाडी आता ४८ वर आली असून सकाळी चोक ओढल्याखेरीज सुरू होत नाही. गॅरेजवाले म्हणतात, हे सगळे ई-२० मुळे होते आणि त्याला उपाय नाही. हे खरे आहे का? — एक वाचक, सांगली

यातील काही भाग खरा आहे, पण उपाय नाही हे म्हणणे मुळीच खरे नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे ई-२० मध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा साधारण ७ टक्के आणि १० टक्के मिश्रणापेक्षा साधारण साडेतीन टक्के कमी ऊर्जा मिळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या पण १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींच्या मायलेजमधील घट ३ ते ४ टक्के धरलेली आहे. आपले ६० किलोमीटर अगदी निव्वळ पेट्रोलवरचे मानले, तरी इथेनॉलपायी ते ५६ च्या आसपास यायला हवेत. उरलेल्या आठ किलोमीटरचे खापर इंधनावर फोडले, तर खरा दोष गाडीत तसाच राहील. म्हणून आधी एअर फिल्टर, टायरमधील हवा, चेनचा ताण, टॅपेट (इंजिनातील व्हॉल्व्हची फट) आणि घासत राहणारा ब्रेक तपासून घ्यावा. सरासरीसुद्धा अंदाजाने न काढता टाकी दोनदा काठोकाठ भरून काढावी.

चोकची (थंड इंजिनाला मिश्रणात जास्त पेट्रोल देणाऱ्या खटक्याची) तक्रार मात्र इंधनाशी थेट जोडलेली असू शकते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला ९ ग्रॅम पुरते आणि ई-२० ला साधारण साडेतेरा. इंजेक्शनच्या गाडीतील ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरमधील (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातील) जेट म्हणजे ठरावीक मापाचे छिद्र असते आणि त्यातून पूर्वीइतकेच इंधन येत राहते, म्हणजेच मिश्रणात हवा गरजेपेक्षा जास्त होते. गाडी थंड असताना सुरू व्हायला कुरकुरते, थ्रॉटल उघडताच क्षणभर अडखळते, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो आणि प्लगचे टोक फिकट तपकिरी न राहता पांढरट पडते. ही लक्षणे दिसत असतील, तर जाणत्या मेकॅनिककडून एअर स्क्रूचे (हवेचे प्रमाण कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूचे) ट्युनिंग करून घ्यावे आणि तेवढ्याने न भागल्यास मेन जेट एका मापाने मोठा बसवावा.

त्याआधी कार्ब्युरेटर उघडून स्लो जेट (इंजिन मंद चालताना इंधन देणारा जेट) पाहणे आवश्यक आहे. इथेनॉल टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर आणि गंजाचा चुरा सुटा करते आणि तो या जेटच्या सुईपेक्षाही बारीक छिद्रात अडकतो. हे छिद्र तारेने कधीही कोरू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र किंचित वाढले तरी माप कायमचे बिघडते. क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब एवढे साधन पुरे. त्याच बैठकीत पेट्रोलचा पाइप काढून बोटांत दुमडून पाहावा. बाहेरून धड वाटणाऱ्या पाइपवर दुमडताच बारीक चिरा दिसल्या, किंवा तो फुगून पिळपिळीत झालेला असला, तर तो बदलावा आणि सोबत फ्लोटची सुई व ओ-रिंगही बदलाव्यात. गळणाऱ्या पेट्रोलखाली तापलेले इंजिन असते, याचा विचार करून ही काटकसर टाळावी.

वडिलांची टू-स्ट्रोक स्कूटर आम्ही जपून ठेवली आहे. ती महिन्यातून एखाद्या वेळी चालते आणि पावसाळ्यात अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. ई-२० मुळे तिला काही धोका आहे का? — एक वाचक, चिपळूण

धोका आहे, पण तो चालवण्यापेक्षा उभी ठेवण्यात अधिक आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि ठरावीक मर्यादेपर्यंत ते पेट्रोलमध्ये मिसळलेले ठेवते. २० टक्क्यांच्या मिश्रणाची ही मर्यादा १० टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा जास्त असते, त्यामुळे केवळ दमट हवेने चार दिवसांत टाकीत पाणी साचेल ही भीती अनाठायी आहे. पण झाकणाचे रबर झिजलेले असेल आणि कोकणातला पाऊस त्यातून झिरपत असेल, तर ती मर्यादा ओलांडली जाते. मग पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. काचेच्या बाटलीत थोडे इंधन काढून स्थिर ठेवल्यास दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसते.

टू-स्ट्रोकमध्ये ही गोष्ट घातक ठरते, कारण अशा इंजिनाला वंगण पेट्रोलमधल्या ऑइलनेच मिळते. आपण पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल वरच्या थरातच राहते, तर कॉकमधून (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळातून) इंजिनकडे प्रथम जातो तो तळाचा, ऑइल नसलेला थर. स्कूटर सुरू झालीच, तरी पिस्टन कोरडाच चालतो आणि जाम होऊ शकतो. अशा टाकीत वरून ताजे पेट्रोल ओतून गाडी चालवण्याचा मोह आवरावा आणि सगळे इंधन काढून टाकावे. शिवाय ‘इंजिनाला जपायचे’ म्हणून ऑइलचे प्रमाण वाढवू नये, कारण ऑइलने जागा घेतल्यामुळे जेटमधून पेट्रोल कमी येते आणि मिश्रणात हवेचा वाटा आणखी वाढतो.

गाडी आठ-दहा दिवसांहून अधिक उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होईल. पावसाळाभर ठेवायची असल्यास टाकी पूर्ण रिकामी करून आतून ऑइल फिरवून ठेवणे उत्तम. जुन्या कॉकमध्ये बुचाचे वॉशर असतील, तर त्यांवर लाखेचा लेप नाही ना हे पाहावे. लाख इथेनॉलमध्ये विरघळते आणि कॉक गळू लागतो. टाकीला आतून जुना सीलंट लावलेला असेल, तर त्याचेही पापुद्रे सुटू शकतात.

इथेनॉल नसलेले पेट्रोल मागण्याचा पर्याय आम्हाला का नाही? — एक वाचक, नाशिक

हा पर्याय ठेवायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के मिश्रण सर्वत्र आणले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचे सुपर पेट्रोल चालू ठेवले. ब्राझीलचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते, परंतु तेथे इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे आणि गाड्याही त्याबरोबर बदलत गेल्या. आपल्याकडे ई-२० ला टिकणारे सुटे भाग नव्या गाड्यांत २०२३ पासून येऊ लागले. उसाला आणि मक्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले आणि परकीय चलन वाचले, हे मला मोलाचे वाटते. मात्र त्यासाठी पंधरा वर्षांच्या गाडीवर कामाला जाणाऱ्या माणसाने स्वतःच्या खर्चाने पाइप आणि जेट बदलावेत, हे न्याय्य नाही.

माझी गाडी २०२१ ची, बीएस-६ इंजेक्शनची आहे. काही बदल करावा लागेल का? — एक वाचक, फोंडा

ट्युनिंगची गरज नाही. टाकीच्या झाकणाजवळचा स्टिकर आणि माहितीपुस्तिका पाहावी, आणि तेथे ई-१० लिहिलेले असेल, तर प्रत्येक सर्व्हिसिंगला पेट्रोलचे पाइप व सील तपासून घ्यावेत.

‘इथेनॉलचा परिणाम घालवणारे’ औषध टाकीत घालावे का? — एक वाचक, पुणे

अशा बाटल्यांमधील काही द्रव्ये धातूला गंज चढण्याचा वेग कमी करतात, तेवढ्यापुरता त्यांचा उपयोग आहे. इंधनातील इथेनॉल त्यांनी कमी होत नाही, वेगळे झालेले थर पुन्हा खात्रीने एकत्र येत नाहीत आणि कडक झालेले रबर मऊ होत नाही. ई-२० चा ऑक्टेन क्रमांक (इंजिनात अवेळी पेट न घेण्याच्या गुणाचे माप) मुळातच ९५ असल्याने साध्या १०० सीसीच्या गाडीत ऑक्टेन बूस्टर घालण्यालाही काही अर्थ नाही. तेवढ्याच पैशांत चांगल्या प्रतीचा पाइप आणि इनलाइन फिल्टर घ्यावा.