तालमीत फी घेणं शोभतं का?

तू विचारलंयस की बी.पी.एड. संपत आलंय, आंतरविद्यापीठ स्पर्धेत पदक आहे, तर आता एनआयएस (पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था) मधून कोर्स करून कोच व्हावं की धंद्यात पडावं. आणि शेवटी जोडलंयस, 'कुस्ती शिकवून पैसे घेणं शोभतं का?' मी त्या शेवटच्या ओळीसाठी लिहितोय.

शोभतं. हक्कानं घे.

मी कोल्हापुरात तालमीत राहून कॉलेज केलं, शिवाजी विद्यापीठाकडून खेळलो. गुडघा गेल्यावर गावी शेडमध्ये मॅट टाकली आणि पहिल्या दिवसापासून फी ठेवली. उद्घाटनाला आमचे वस्ताद आले. पोरं पाया पडायला रांगेत उभी होती, आणि ते टेबलावरची वही चाळत बसले. पोराचं नाव, वजन, पुढं रक्कम. वही मिटून म्हणाले, "इद्या इकायला काढलीस व्हय रं?" नारळ फोडला आणि चहा न घेता गेले. गावात महिनाभर तोच विषय. चुलते म्हणाले, निदान वही तरी आत ठेव.

मी ठेवली नाही. फुकटची तालीम कधीच नव्हती. शाहू महाराजांच्या काळात पैलवानांचा खुराक संस्थान बघायचं, खासबाग मैदानही त्यांनीच १९१२ साली उभं केलं. पैलवान खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले तेही कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. संस्थान गेलं, आणि १९५२ ला त्याच खाशाबांना हेलसिंकीसाठी वर्गणी मागत फिरावं लागलं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा ते ब्राँझ आलं. म्हणजे खर्च कुणीतरी करतच होतं, फक्त वहीत लिहिला जात नव्हता.

आमच्या वस्तादांनी आयुष्यात कुणाकडून छदाम घेतला नाही. उतारवयात खुब्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा शिष्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गणी काढली. मीही दिली. पहाटे चारला उठून ज्यानं आमच्याकडून जोर-बैठका काढून घेतल्या, हौद्यातली माती स्वतः उकरून त्यात हळद-ताक मिसळलं, त्या माणसाच्या नावापुढं वर्गणीची यादी बघताना माझ्या जिवाला जे लागलं ते अजून गेलेलं नाही. याला त्याग म्हणणारे त्या यादीत नव्हते.

आता तुझं. पतियाळाचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आधी कर, सरकारी कोचची जागा हवी असेल तर डिप्लोमा कर. मातीतला पैलवान मॅटवर शिकवताना नेमका एका ठिकाणी अडतो. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती, मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पोरगं ढाक डाव झकास मारतं, पण एका गुणाची आघाडी शेवटच्या अर्ध्या मिनिटात टिकवता येत नाही, रिंगणाबाहेर पाय टाकतं आणि गुण देऊन बसतं. ते आधी स्वतः शीक.

धंदा कर, पण कुस्तीला लागून असलेला. माझ्या म्हशी आहेत. पोरांचं दूध भागवून उरलेलं डेअरीला जातं, हिशेब वेगळा. प्रोटीनचे डबे मात्र आपल्याच पोरांना विकू नकोस. एजंट कमिशन घेऊन दारात येतील. उद्या नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीत काही सापडलं तर बंदी पोरावर येते.

फी बापाच्या हातून घे, पावती दे. ऊसतोड्याच्या पोराला माफ कर, पण ते तू ठरव, गावानं नव्हे.

आणि हो, अंग शाबूत असेल तर लगेच लढणं सोडू नकोस. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. तुझं पदक त्यात बसतं का ते शासन निर्णयात बघ आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून आत्ताच करून घे, जाहिरात निघाल्यावर धावपळ करू नकोस.