ऑक्टोबरमध्ये एका दिवसात रतनगड होतो का? पायथ्याच्या रतनवाडी गावातून चढून पलीकडच्या साम्रद गावाला उतरता येतं का?

होतो, आणि आरामात. फक्त रतनवाडीतून सकाळी सातच्या आत पाय उचला. ऑक्टोबर हीटची चेष्टा करू नका. पाऊस गेलेला असतो, पण अकरानंतरचं ऊन घाम काढतं.

अमृतेश्वराच्या देवळापासून वाट सुरू होते. आधी प्रवरेचा ओहोळ दोन-तीनदा ओलांडायचा, मग दाट झाडी. पुढे फाटा लागतो, तिथे बरेच जण चुकतात: सरळ वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते, आपल्याला उजवीकडे वळायचंय. शेवटी लोखंडी शिड्या. शिडीला हात लावण्याआधी कॅमेरा, बाटली सगळं सॅकमध्ये कोंबा, दोन्ही हात मोकळे हवेत. शनिवार-रविवारी इथे रांग लागते, त्यामुळे जमलं तर मधल्या वारी जा. चढायला अडीच-तीन तास धरा.

वर नेढं चुकवू नका. कड्याला आरपार पडलेलं भोक, आणि त्यातून वारा असा घुसतो की टोपी हातात धरूनच बसावं लागतं. हवा स्वच्छ असली की अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि कळसूबाईचं शिखर ओळीने दिसतात. डबा तिथेच उघडा!

साम्रदला उतरायचं तर नेढ्यापलीकडून त्र्यंबक दरवाजा गाठा. कातळात खोदलेल्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे बोलतात. खुट्टा सुळका बाजूला ठेवून वाट रानात शिरते. गाडी रतनवाडीत लावली असेल तर मात्र हा बेत सोडा, आल्या वाटेनेच परत या. पाणी माणशी तीन लिटर.