सोलापूर परिसरात तंबूत राहताना विजेविना चांगली कॉफी कशी करावी?

स्टीलचा दाक्षिणात्य कॉफी फिल्टर सोबत न्यावा, कारण त्याला ना वीज लागते ना गाळणकागद, आणि वाट्याला येते ती खरी दाट कॉफी. वरच्या भांड्यात 3 मोठे चमचे पूड हलकेच दाबून, उकळी उतरल्यावर अर्धा मिनिट थांबलेले सुमारे 100 मिली पाणी ओतावे आणि 15 ते 20 मिनिटे झाकून ठेवावे. पूड फार बारीक असेल तर छिद्रे बुजून अर्क उतरतच नाही. बोअरचे जड पाणी चव बोथट करते, म्हणून पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. मात्र उन्हाळ्यात वाळलेल्या माळावर, विशेषतः नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास, चूल मुळीच पेटवू नये. तेथे थर्मासमधले गरम पाणीच वापरावे.