लुक्लाचं विमान, रामेछाप आणि तुमचं परतीचं तिकीट

ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक, तो जिथून सुरू होतो त्या लुक्ला या डोंगरातल्या गावाहून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईचं विमान, आणि एजंट आता म्हणतोय की लुक्लाचं विमान काठमांडूहून नाही, रामेछापहून सुटेल. तो गंडवतोय का, असं विचारलंयत. एजंट खरं बोलतोय. घोळ तुमच्या परतीच्या तिकिटात आहे.

काठमांडूला धावपट्टी एकच. वसंतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे एवढी गर्दी होते की लुक्लाची छोटी विमानं रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सोडतात. तिथून लुक्ला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, पण मंथली गाठायला सुमारे 130 किलोमीटरचा घाटरस्ता. बहुतेक लोक रात्री एक-दीडला गाडीत बसतात. सप्टेंबर 2024 च्या पुरात हा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता, तेव्हा चार-पाच तासांच्या हिशेबावर विसंबू नका. मी तर आदल्या दिवशी उजेडीच जाऊन मंथलीत मुक्काम करेन. लॉज साधे, उकडतंही, पण झोप होते.

लुक्लाची धावपट्टी फक्त 527 मीटर, तीही चढाची, आणि वरच्या टोकाला डोंगर. पायलट डोळ्यांनी बघूनच उतरवतो. ढग आले की सगळं ठप्प, दुपारकडे वाराही वाढतो. म्हणून सकाळची पहिली फेरी मागून घ्या.

आणखी एक, जे एजंट सहसा सांगत नाहीत: विमान रद्द झालं की दुसऱ्या दिवशी आधी त्या दिवसाचे तिकीटवाले जातात, तुम्ही उरलेल्या जागांवर. एक दिवस ढगात गेला की दोन जातात. परतताना आम्ही लुक्लात असेच अडकलो. पहाटे सॅक वजनकाट्यावर, मग चहा, मग दरीतलं पांढरं धुकं बघत बसायचं. विमान येतंय असा भोंगा वाजला की अख्खी खोली उठून उभी. तिसऱ्या दिवशी सुटलो, तोवर मुंबईचं तिकीट बुडालं होतं.

त्यामुळे मोकळे दोन दिवस शेवटी ठेवा आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा. जाताना दिवस गेलाच तर वाटेतल्या नामचे गावचा विरळ हवेला सरावण्याचा मुक्काम कापू नका; त्यापेक्षा बेस कॅम्पजवळचा काला पत्थरचा चढ सोडा. ठाण्यात लक्ष्मीपूजनाला पोचायचंच असेल तर तारखा आत्ताच अलीकडे ओढा.

आणि हो, नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. रात्रीच्या गाडीला आमचा एकजण त्यापायीच राहणार होता.