वस्तादांना विचारा: पोरगा प्रोफेशनल बॉक्सर व्हायचं म्हणतोय

प्रश्न : माझा मुलगा 75 किलो गटात विद्यापीठाकडून बॉक्सिंग खेळतो. रेल्वेच्या खेळाडू भरतीची तयारी सोडून ‘विजेंदरसारखं प्रोफेशनल होणार’ म्हणतोय. परवानगी द्यावी का? मग ऑलिम्पिकचं दार बंद होतं का?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. दार बंद होत नाही. 2016च्या रिओपासून व्यावसायिक बॉक्सरनाही ऑलिम्पिक पात्रतेच्या स्पर्धा खेळता येतात.

आता विजेंदर सिंग. पोराला त्याचं नाव पाठ आहे, हिशेब नाही. 2008ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये याच 75 किलोत कांस्य, हरियाणा पोलिसात उपअधीक्षकपद, आणि मग 2015ला मँचेस्टरला पहिली व्यावसायिक लढत. म्हणजे पदक आणि हुद्दा पदरात पडल्यावर. एकूण 14 लढती, 13 विजय. रेकॉर्ड देखणाच आहे. पण तारखा बघा. 2016 सालात पाच लढती, 2018ला एकही नाही, 2020लाही नाही, 2021 आणि 2022ला एकेकच. या धंद्यात लढतीचे पैसे मिळतात, महिन्याचा पगार नाही. कुस्तीचं मैदानच भरलं नाही तर पैलवानानं खुराक कशातनं आणायचा, तसंच हे. मधल्या काळात गडी लोकसभेलाही उभा राहिला, पडला. त्याला ते झेपतं. आपल्या पोराच्या मागं काय आहे?

खेळही निराळा. हौशीत, म्हणजे आत्ता तो खेळतो त्यात, तीन मिनिटांचे तीन राउंड. व्यावसायिकमध्ये चारापासून बारापर्यंत. तीन राउंडवाला चौथ्यात गेला की आधी डावा हात हनुवटीवरनं खाली येतो, मग पाय जड होतात, आणि समोरचा त्याचीच वाट बघत असतो. शिवाय वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं, त्यामुळं वजन गटात बसवायला पोरं नको तेवढं पाणी तोडतात. रंकाळ्यावर भर उन्हात रेनकोट घालून पळणारं पोरगं दिसलं की मी गाडी थांबवून झाडतो. सुकलेल्या अंगानं डोक्यावर ठोसे खाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. मागं एकानं तर मलाच विचारलं, ‘वस्ताद, बॉलिवूडवालेही पाणी तोडतात की!’ काय बोलायचं?

भरती सोडू देऊ नका. आपल्या राधानगरीकडचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत टीसी असतानाच 2024ला पॅरिसमध्ये नेमबाजीचं कांस्य जिंकला. सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षणही हौशी स्पर्धांच्या पदकांवरच मिळतं, हे त्याला नीट समजावा.

कुणी प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, कागद घेऊन आलाच, तर तीन गोष्टी वकिलाकडनं वाचून घ्या : वर्षाला किमान किती लढती देणार, दुखापतीचा खर्च कोण करणार, आणि करार किती वर्षं बांधून ठेवणार. तोंडी शब्दावर सही नको.

आणि रविवारी सकाळी त्याला ग्लोव्हज घेऊन माझ्याकडं पाठवा. जड बॅगवर सलग सहा राउंड मारून दाखवू दे. मग त्याच्याशी मी बोलतो.