इंग्रजी ‘नाइटमेअर’मधली ‘मेअर’ म्हणजे घोडीच ना? मग वाईट स्वप्नात घोडी कुठून आली?

घोडी नाही. उच्चार आणि स्पेलिंग सारखं आहे म्हणून तसं वाटतं. खुद्द इंग्रजांचीही यात कित्येक पिढ्या गल्लत होत आली आहे, तेव्हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द होते. घोडीला ‘मेरे’ म्हणत आणि रात्री येऊन झोपलेल्याच्या छातीवर बसणाऱ्या बयेला ‘मॅरे’. पुढे उच्चार घासत घासत दोन्ही ‘मेअर’वर येऊन थांबले. बया काही एकट्या इंग्लंडची नव्हे. स्कँडिनेव्हियात ती ‘मारा’, पोलंडमध्ये ‘झ्मोरा’, आणि फ्रेंच ‘कोशमार’च्या शेपटीला लटकलेली तीही हीच. ‘मारा’ म्हटल्यावर आपल्याला लगेच बुद्धाला छळणारा मार आठवतो. संस्कृत ‘मृ’ धातूपर्यंत हे नातं नेणारे अभ्यासक आहेतही, पण त्यांच्यात एकमत नाही, त्यामुळे मी त्यावर पैज लावणार नाही.

ही मारा करते काय, ते 13व्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवलेल्या एका कथेत फार छान दिसतं. स्वीडनचा राजा वानलांदी फिनलंडमध्ये द्रीफाशी लग्न करतो, तीन वर्षांत परत येतो असं सांगून निघतो आणि दहा वर्षं तिकडे फिरकत नाही. शेवटी द्रीफा हुल्द नावाच्या चेटकिणीला गाठते. नवऱ्याला इकडे ओढून आण, नाहीतर संपवून टाक. तिकडे स्वीडनमध्ये उप्सालाला राजाला एकाएकी फिनलंडची ओढ लागते, पण दरबारी त्याला जाऊ देत नाहीत. मग त्याला झोप अनावर होते. जरा डोळा लागतो न लागतो तोच तो ओरडतो, मारा मला तुडवतेय! माणसं धावतात. डोकं धरलं तर ती पायांवर चढते, पाय मोडायची वेळ येते. पाय धरायला जावं तर ती डोकं असं दाबते की राजा तिथेच मरतो.

यात स्वप्नाचा कुठे मागमूस आहे का? नाही. मूळ शब्द स्वप्नाचा नव्हताच, तो दाबणारीचा होता. आइसलँडच्या भाषेत आजही वाईट स्वप्नाला ‘मारत्रोद’ म्हणतात, म्हणजे मारेचं तुडवणं. डॅनिश आणि नॉर्वेजियन लोक ‘मारेची सवारी’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. म्हणजे बघा, या प्रकारात घोडा कोणी असेलच तर तो बिचारा झोपलेला माणूस! बया वर बसलेली.

खरे घोडेही तिच्या तावडीतून सुटले नव्हते. सकाळी तबेल्यात घोडा घामाने निथळत उभा असला, आयाळीच्या जटा झालेल्या असल्या, की रात्री बयेने त्याला दौडवला असं समजत. त्यावर इंग्लंडमध्ये उपाय होता तो नैसर्गिक भोक असलेल्या गारगोटीचा. आपण दारात लिंबू-मिरची टांगतो तशी ती गारगोटी तबेल्यात टांगायची. 17व्या शतकात जॉन ऑब्रीने ही पद्धत नोंदवून ठेवली आहे. जर्मन गावांतल्या कथांत बया कुलपाच्या भोकातून आत येते. भोक बुजवलं की ती अडकते, सकाळी सुंदर मुलगी होऊन सापडते, घरधनी तिच्याशी लग्नही लावतो. पुढे कधीतरी बोळा निघाला की गेली पळून.

आता बयेमागचं शरीरशास्त्र. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू स्नायू सैल सोडून देतो. कधी आपण जागे होतो आणि स्नायू मात्र अजून सैलच असतात. डोळे उघडे, खोली ओळखीची, पण बोट हलत नाही, ओरडावं तर आवाज फुटत नाही, छातीवर धोंडा, आणि खोलीत कोणीतरी आहे याची खात्री. उताणं झोपणाऱ्यांना हे जास्त होतं. 2011 सालच्या एका मोठ्या आढाव्यात आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेले लोक सुमारे 8 टक्के निघाले. ‘भूत छातीवर बसलं होतं’ असं आपल्याकडेही म्हणतात. मलाही हे झालंय, आणि शास्त्र माहीत असूनही त्या क्षणी काडीचा उपयोग होत नाही.

1755च्या सॅम्युअल जॉन्सनच्या शब्दकोशातही ‘नाइटमेअर’चा अर्थ रात्री छातीवर येणारं दडपण असाच दिलाय, शिवाय उत्तरेकडच्या पुराणकथांतल्या मारेचा उल्लेख आहे. नुसतं वाईट स्वप्न हा अर्थ रुळला तो 19व्या शतकात.

आणि घोडी डोक्यात पक्की बसायला एका चित्राने चांगलाच हातभार लावला. लंडनमध्ये राहणारा स्विस चित्रकार हेन्री फ्यूसेली, त्याचं 1781चं ‘द नाइटमेअर’. पलंगावर उताणी पडलेली बाई, हात खाली लोंबतोय, छातीवर एक केसाळ ध्यान उकिडवं बसलंय आणि मागच्या पडद्यातून पांढऱ्या डोळ्यांच्या घोड्याने मुंडी घातली आहे. 1782च्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात ते गाजलं, त्याच्या छापील प्रती खपल्या, व्यंगचित्रकारांनी त्याची नक्कल केली. बहुतेकांची नजर त्या घोड्यावर जाते, पण खरी ‘मेअर’ म्हणजे छातीवरचं ते ध्यान. घोडा हा शब्दावर केलेला श्लेष, असंच बरेच समीक्षक मानतात.