'बालसुधार' नको, 'बालसेवांची सुधारणा' म्हणा

बर्मिंगहॅमहून एका ताईंनी विचारलंय. तिथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी त्या लेख लिहितायत, विषय असा की ऑफस्टेडच्या (इंग्लंडातल्या शाळा आणि मुलांच्या सेवा तपासणारी सरकारी संस्था) इन्स्पेक्शनमध्ये नापास झाल्यावर मुलांच्या सोशल केअरचा, म्हणजे धोक्यातल्या मुलांना जपायच्या सरकारी कामाचा, कारभार कसा सुधारला. मथळा केलाय 'निरीक्षणानंतर बालसुधार सेवा' आणि प्रश्न आहे की हे मराठीत बरोबर वाटतं का.

ताई, व्याकरणात काहीच चूक नाही, पण महाराष्ट्रात हा मथळा वाचणारा माणूस भलतंच समजेल. मुलांच्या संदर्भात 'निरीक्षण' म्हटलं की आपल्याला निरीक्षणगृह आठवतं, म्हणजे जुनं रिमांड होम, जिथे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी संपेपर्यंत ठेवतात. आणि 'सुधार' तर त्याहून जड शब्द. 2015 च्या बाल न्याय कायद्यात निरीक्षणगृह, विशेष गृह, बालगृह असे शब्द आहेत, बालसुधारगृह नाही, तरी पेपरांत अजून सर्रास तेच छापून येतं, आणि घरोघरी 'मस्ती केलीस तर रिमांड होममध्ये टाकीन' ही धमकी आपण सगळ्यांनीच ऐकलीये. म्हणजे सुधारायचं कोणी, तर मुलाने. तुमच्या लेखात बरोबर उलटं आहे, मुलाचं काहीही चुकलेलं नाही, चुकलंय ते त्याला जपायची जबाबदारी असलेल्या कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाचं, आणि माझ्या मते हे पहिल्या ओळीतच वाचकाला कळायला हवं.

इन्स्पेक्शनला 'तपासणी' म्हणा. शाळा तपासणी, ग्रामपंचायतीची दप्तर तपासणी हे सगळ्यांना माहितीये, आजोबांच्या पिढीला शाळेत येणारे दिपोटी आठवतील. त्यात वरचा माणूस खालच्या कारभाराची कागदपत्रं उघडून बघतो हा अर्थ आपोआप येतो आणि ऑफस्टेडवाले करतात तेही हेच. एकेका मुलाची नोंद काढतात, काळजीचा फोन कधी आला, सोशल वर्कर घरी कधी गेली, मुलाशी एकट्याने बोलली का, पुढे काय ठरलं आणि ठरलेलं झालं का, मग त्याच सोशल वर्करला समोर बसवून विचारतात. इंग्लंडातले मराठी आईबाप ऑफस्टेडला शाळेच्या ग्रेडमुळे ओळखतात, पण 2007 पासून मुलांच्या सोशल केअरची तपासणीही त्यांच्याकडेच आहे हे लेखात एका वाक्यात टाका, बऱ्याच जणांना माहिती नसतं.

आता 'सुधारणा'. शब्द चांगला आहे, फक्त कोणाची ते सोबत लिहा, कौन्सिलच्या बालसेवांची सुधारणा, कारभाराची सुधारणा. मला स्वतःला विचाराल तर 'घडी बसवणं' जास्त आवडेल, कारण अशा ठिकाणी कारभाराची घडीच विस्कटलेली असते, कायमचे सोशल वर्कर सोडून जातात, एजन्सीचे तात्पुरते लोक येतात नि जातात, मुलाला दर वेळी नवा चेहरा आणि घरात काय झालं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, आणि ही घडी काही एका आदेशाने बसत नाही. तुमच्या बर्मिंगहॅमचंच बघा, वर्षानुवर्षं 'इनअॅडिक्वेट' हा तळाचा शेरा, मग एप्रिल 2018 मध्ये काम कौन्सिलच्या मालकीच्या पण वेगळ्या चालणाऱ्या ट्रस्टकडे गेलं, त्याच वर्षाच्या तपासणीत एक पायरी वर, आणि 'गुड' यायला 2023 उजाडलं. संडरलंड 2015 मध्ये आणि परत 2018 मध्ये तळाला होतं, 2021 मध्ये थेट 'आउटस्टँडिंग', म्हणजे सगळ्यात वरचा शेरा. लीड्सलाही 2009 नंतर वर यायला कित्येक वर्षं लागली.

तळाच्या शेऱ्याचं काय करायचं हा खरा अवघड प्रश्न. 'इनअॅडिक्वेट'ला डिक्शनरी 'अपुरी' देते, पण अपुरं म्हणजे आपल्याला वाटतं माणसं कमी, पैसे कमी. तिथे त्याचा अर्थ असा की गंभीर किंवा सगळीकडे पसरलेल्या त्रुटींमुळे मुलांना इजा होतेय किंवा होण्याचा धोका आहे. एवढ्या गंभीर गोष्टीला 'अपुरी' म्हणणं मला तरी पटत नाही. मूळ शेरा देवनागरीत तसाच ठेवा आणि लगेच 'म्हणजे मुलांना धोका पोहोचेल इतका ढिला कारभार' असं लिहा, नंतर नुसतं 'ठपका' म्हटलं तरी चालेल. ठपक्यानंतर 70 कामाच्या दिवसांत कृती आराखडा द्यावा लागतो, मग साधारण दर तीन महिन्यांनी ऑफस्टेडची माणसं येऊन बघून जातात. त्या येण्याला 'पाठपुराव्याची भेट' म्हणा, 'फेरतपासणी' हा शब्द पुढच्या पूर्ण तपासणीसाठी राखून ठेवा, नाहीतर वाचकाचा गोंधळ होईल.

'लोकल ऑथॉरिटी'ला महापालिका म्हणू नका. आपल्याकडे महापालिका म्हणजे पाणी, रस्ते, कचरा, मुलांचं बघायला बाल कल्याण समिती आणि महिला व बालविकास विभाग, त्यामुळे नगरसेवकाचा याच्याशी काय संबंध असं वाटेल. सरळ कौन्सिल लिहा.

आणि 'लुक्ड आफ्टर चाइल्ड'ला कृपा करून 'अनाथ' लिहू नका. त्यातल्या कित्येक मुलांचे आईवडील हयात असतात, भेटीलाही येतात. 'ताब्यातलं मूल' पण नको, तो पोलिसांचा शब्द. 'कौन्सिलच्या सांभाळातलं मूल' म्हणा, नातवंडांपासून म्हाताऱ्या माणसांपर्यंत आपण सगळ्यांसाठी सांभाळ हाच शब्द वापरतो आणि त्यात मुलाला कुठे कमीपणा येत नाही. फॉस्टर केअररला, म्हणजे असं मूल स्वतःच्या घरी सांभाळणाऱ्याला, आपल्याकडे सरकारी मराठीत प्रतिपालक म्हणतात, तो घ्यायला हरकत नाही.

मथळा मी असा केला असता: 'तपासणीत ठपका, मग बसली घडी: बर्मिंगहॅमच्या बालसेवांची पंधरा वर्षं'. वर्षांचा आकडा मात्र तुम्ही लेख जिथून सुरू करताय त्याप्रमाणे बदला.